सीलबंद एआयओ घ्यावा की कस्टम लूप बांधावा? कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन्हींत नेमका फरक काय?

तत्त्व एकच आहे. प्रोसेसरवर तांब्याचा ब्लॉक बसतो, त्याच्या आतल्या बारीक खाचांमधून पाणी जाताना उष्णता उचलतं, पंप ते रेडिएटरकडे ढकलतो आणि पंखे ती उष्णता हवेत सोडतात. सीलबंद कूलर, म्हणजेच एआयओ, कारखान्यातच जोडून, भरून आणि बंद करून येतो. त्यात पंप बहुधा ब्लॉकच्याच डोक्यावर असतो, रेडिएटर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा आणि नळ्या जाड रबराच्या असतात. कस्टम लूपमध्ये ब्लॉक, पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या, फिटिंग आणि कूलंट हे सगळं सुटं घेऊन आपणच जोडायचं असतं. त्यामुळे ग्राफिक्स कार्डही त्याच पाण्यावर घेता येतं, खराब झालेला एकच भाग बदलता येतो आणि पाणीही बदलता येतं. त्याचबरोबर गळतीची जबाबदारीही पूर्णपणे आपल्यावर येते.

मग निवड कशावरून करायची?

आधी ग्राफिक्स कार्डाकडे बघा, मग प्रोसेसरकडे. फक्त प्रोसेसर थंड करायचा असेल तर कस्टम लूपवर खर्च करू नका. चांगला एआयओ जवळजवळ तेच काम करतो. ३०० वॅटच्या वरचं ग्राफिक्स कार्ड आहे, ते तासन्‌तास पूर्ण भारावर चालतं आणि त्याच्या पंख्यांचा आवाज नको आहे, अशा वेळी कस्टम लूपला खरा अर्थ येतो.

दुसरा प्रश्न तुमच्या वेळेचा. वर्षातून एकदा मशीन उघडून, पाणी काढून, ब्लॉक तपासून पुन्हा भरायला अर्धा दिवस लागतो. तो देण्याची तयारी नसेल तर कस्टम लूप बांधूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुर्लक्षित लूपपेक्षा साधा एअर कूलर कितीतरी बरा.

एअर कूलर पुरेसा नाही का?

पुष्कळदा असतो. एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर गेम खेळताना १०० वॅटच्या खालीच राहतो. नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा दोन मनोऱ्यांचा कूलर त्याला सहज सांभाळतो आणि त्यात बंद पडायला पंखा सोडून काही नाही.

कस्टम लूप लावल्यावर प्रोसेसरचं तापमान किती उतरेल?

अपेक्षेपेक्षा कमी. त्याच आकाराच्या रेडिएटरच्या एआयओशी तुलना केली तर फरक साधारण काही अंशांचाच पडतो. अडथळा पाण्यात नाही, त्याच्या आधी आहे. सिलिकॉनच्या छोट्याशा तुकड्यातून निघालेली उष्णता आधी प्रोसेसरवरच्या धातूच्या झाकणातून, मग थर्मल पेस्टमधून, मग ब्लॉकच्या तळातून जाते आणि त्यानंतर पाण्याला भेटते. या थरांचा विरोध कस्टम लूपमध्येही तेवढाच राहतो.

इंटेल कोअर आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत ओढतो. एएमडी रायझन ९ ७९५०एक्सची टीडीपी (कागदावरचा उष्णतेचा आकडा) १७० वॅट असली तरी सॉकेटमधून तो २३० वॅटपर्यंत घेतो आणि सगळ्या कोअरवर भार आला की ९५ अंशांपर्यंत जायला तो मुळातच बनवलेला आहे. अशा प्रोसेसरवर उत्तम लूप लावूनही आकडा ९५ च्या आसपासच दिसला तर लूप बिघडला असं समजू नका. मिळालेली जागा प्रोसेसरने जास्त क्लॉकसाठी, म्हणजे वेगासाठी, वापरलेली असते. तापमान खरंच उतरवायचं असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट खाली आणा किंवा एएमडीवर व्होल्टेज उतरवणारा कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. त्याला एक पैसाही लागत नाही आणि परिणाम कूलर बदलण्यापेक्षा मोठा असतो.

आणि ग्राफिक्स कार्डावर?

इथे चित्र पालटतं. ग्राफिक्स चिप आकाराने मोठी असते आणि तिच्यावर झाकण नसतं, ब्लॉक थेट सिलिकॉनला टेकतो. त्यामुळे आरटीएक्स ४०९० चे ४५० वॅट किंवा आरटीएक्स ५०९० चे ५७५ वॅट पाण्यात उतरवणं तुलनेने सोपं जातं. हवेवर ७० अंशांच्या आसपास राहणारं कार्ड पुरेशा रेडिएटरवर साधारण ५० च्या घरात येतं.

गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम मात्र फारशा वाढत नाहीत. क्लॉक थोडा वर जातो, दोन-चार टक्क्यांचा फरक पडला तर पडला. फायदा आहे तो आवाजाचा: कार्डावरचे तीन छोटे पंखे जाऊन तीच उष्णता सहा मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यांवर वाटली जाते. शिवाय कार्डाची गरम हवा कॅबिनेटमध्ये फिरत नाही.

माझ्या कार्डासाठी ब्लॉक मिळेल का?

कार्ड घेण्याआधीच हे तपासा. प्रोसेसरचा ब्लॉक सॉकेटनुसार बसतो आणि पुढच्या पिढीवरही बहुतेक वेळा चालतो. ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण लांबीचा ब्लॉक मात्र त्या ठरावीक सर्किट बोर्डासाठीच कापलेला असतो. एकाच चिपची तीन कंपन्यांची कार्डं तीन वेगळ्या बोर्डांवर असू शकतात, आणि एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतही मधेच बोर्डाची आवृत्ती बदलते. ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत तुमच्या कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव सापडलं पाहिजे; चिपचं नाव जुळलं म्हणून मागवू नका.

मूळ कूलर काढण्याआधी वॉरंटीची अट वाचा आणि काढलेला कूलर, स्क्रू, पॅड जपून ठेवा. ब्लॉक बसवताना थर्मल पॅडची जाडी पत्रकात दिल्याप्रमाणेच हवी. १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा पॅड गेला तर मेमरीला टेकतो खरा, पण ब्लॉक चिपपासून उचलला जातो. मग सरासरी तापमान ठीक दिसतं आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सर्वांत गरम जागा, मात्र २५-३० अंश वर जातो. असा फरक दिसला की आधी पॅड तपासा, मग पेस्ट.

एआयओ घेताना २४०, २८०, ३६० यांत काय निवडू?

नावातला आकडा पाहू नका, क्षेत्रफळ पाहा. २४० म्हणजे १२० मिमीचे दोन पंखे, क्षेत्रफळ २८८ चौ. सेमी. २८० म्हणजे १४० मिमीचे दोन, ३९२ चौ. सेमी. ३६० चं येतं ४३२ चौ. सेमी आणि ४२० चं ५८८. म्हणजे २८० हा २४० चा नव्हे, ३६० चा शेजारी आहे आणि लांबीने लहान असल्यामुळे अनेक कॅबिनेटमध्ये जास्त सोयीचा पडतो. १५० वॅटपर्यंतच्या प्रोसेसरला २४० पुरतो. २०० च्या वर सतत राहणाऱ्याला २८० किंवा ३६० घ्या. १२० मिमीच्या एआयओपेक्षा चांगला एअर कूलर घ्या.

जागा मोजताना जाडी विसरली जाते. सर्वसाधारण रेडिएटर २७ मिमी आणि पंखा २५ मिमी, मिळून ५२. काही एआयओंचा रेडिएटर ३८ मिमीचा असतो, म्हणजे ६३. कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर आणि रॅमची उंची दोन्ही मोजा, नाहीतर पंखा रॅमवर टेकतो.

एआयओ कॅबिनेटमध्ये कुठे लावावा?

सीलबंद कूलरमध्येही थोडी हवा असतेच आणि वर्षागणिक ती वाढते. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची नसावी, एवढा एकच नियम पाळला तरी पुरे.

छताला रेडिएटर: सर्वांत निर्धास्त. पुढच्या बाजूला उभा: चालतो, पण रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर गेलं पाहिजे, शक्य असेल तर नळ्या खालच्या बाजूला घ्या, म्हणजे वरच्या टोकात साठलेली हवा तिथेच राहते. तळाला रेडिएटर आणि वर पंप: टाळा. अशा रचनेत हवा पंपात शिरते, आधी गुळगुळ आवाज येतो, मग घरघर, आणि कोरडा फिरणारा पंप वेळेआधी झिजतो.

पुढून आत हवा घेतली तर प्रोसेसरला ताजी हवा मिळते, पण ग्राफिक्स कार्डाला तापलेली. छतातून बाहेर सोडली तर उलट. गेमिंगसाठी आम्ही छत निवडतो, कारण तिथे जास्त उष्णता कार्डाचीच असते.

पंपाची वायर कुठे जोडायची?

मदरबोर्डावरच्या पंप किंवा एआयओ पंप लिहिलेल्या हेडरला (पिनांच्या जोडणीला), आणि त्या हेडरचा वेग बायोसमध्ये १०० टक्के ठेवा. सीपीयू फॅनच्या हेडरला जोडून तापमानानुसार वेग बदलणारा स्वयंचलित कर्व्ह चालू राहिला तर थंड असताना पंपाला कमी व्होल्टेज मिळतं आणि तो अडखळतो. साटाची वेगळी पॉवर वायर असलेल्या मॉडेलमध्ये ती वायर लावायला विसरू नका. नव्या मशीनवर प्रोसेसर अर्ध्या मिनिटात शंभरीला जातो तेव्हा दोनच कारणं बहुतेक वेळा निघतात: पंपाला वीज नाही, किंवा ब्लॉकखालची प्लास्टिकची संरक्षक फिल्म काढलेली नाही.

एआयओ किती वर्षं टिकतो?

चांगल्या एआयओवर ५-६ वर्षांची वॉरंटी असते आणि प्रत्यक्ष आयुष्यही त्याच्याच आसपास धरून चालावं. रबराच्या नळीतून पाण्याची वाफ अत्यंत हळू बाहेर जात राहते. नळी कितीही चांगली असली तरी हे पूर्ण थांबत नाही. पाणी घटतं, हवा वाढते, उरलेल्या द्रवातल्या गंजरोधकाची ताकद कमी होते. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकाच पाण्यात असल्यामुळे त्या गंजरोधकावरच सगळं अवलंबून असतं. तो थकला की गाळ तयार होतो आणि ब्लॉकच्या खाचांत अडकतो.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. मशीन रिकामं असताना तापमान महिन्यागणिक चढत जातं, पंप सुरू होताना बराच वेळ गुळगुळतो. भार दिल्यावर एक नळी कढत आणि दुसरी गार लागली तर पाणी फिरत नाही हे नक्की. अशा वेळी प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गरज पडली तर मशीन बंद करतो, त्यामुळे तो जळण्याची भीती फारशी नाही. कूलर मात्र बदला.

जुना वापरलेला एआयओ घ्यावा का?

नाही. आत किती पाणी उरलंय हे बाहेरून कळत नाही, आणि पडून राहिलेल्या एआयओतूनही ते कमी होतच असतं.

एआयओत पाणी पुन्हा भरता येतं का?

बहुतेकांत नाही, रेडिएटरचा स्क्रू उघडलात की वॉरंटी संपते. पण मधला वर्ग आहे. बी क्वाएटच्या सायलेंट लूप २ ला भरण्याचं तोंड दिलेलं आहे. अल्फाकूलच्या आइसबेअरमध्ये तांब्याचा रेडिएटर आणि नेहमीच्या जी १/४ मापाची फिटिंग असल्यामुळे तो पुढे वाढवताही येतो. आज प्रोसेसर आणि पुढच्या वर्षी ग्राफिक्स कार्ड असा विचार असेल तर या वर्गाकडे जरूर बघा.

साध्या एआयओचे भाग पुढे कस्टम लूपमध्ये वापरता येतील का?

पंखे येतील. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर अजिबात घालू नका. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांच्यात विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. कस्टम लूपमध्ये तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एवढेच धातू ठेवा. स्वस्त फिटिंग आणि सेन्सरही तपासून घ्या, अ‍ॅल्युमिनियम बऱ्याचदा तिथूनच शिरतं.

कस्टम लूपसाठी नेमकं काय काय लागतं?

एक प्रोसेसर, एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन ३६० रेडिएटर असा लूप धरू. दोन ब्लॉक, पंप आणि टाकी एकत्र असलेला एक कॉम्बो, दोन रेडिएटर, सहा पंखे. भाग पाच झाले, प्रत्येकाला आत-बाहेर दोन तोंडं, म्हणून किमान १० कम्प्रेशन फिटिंग. त्यावर पाणी काढण्यासाठी एक टी-फिटिंग आणि बॉल व्हॉल्व्ह, वळणांसाठी ९० अंशांची तीन-चार फिटिंग, दोन जादा बंद टोपणं. नरम नळी ३ मीटर, कूलंट २ लिटर (लूपमध्ये साधारण १ ते १.५ लिटर मावतं, उरलेलं भर घालायला), आणि पाण्याचं तापमान सांगणारा एक सेन्सर. शेवटची वस्तू लोक वगळतात. आमच्या मते ती सर्वांत आधी घ्यावी.

फिटिंगचा खर्च हमखास कमी धरला जातो. सगळी मोजलीत की एका चांगल्या एआयओएवढी रक्कम तिथेच जाऊ शकते.

रेडिएटर किती लागेल?

ढोबळ हिशेब असा: मध्यम वेगाच्या पंख्यांसह १२० मिमीचा एक भाग साधारण १०० वॅट सोडतो, आणि तेव्हा पाणी खोलीच्या हवेपेक्षा १० अंश गरम असतं. गेम खेळताना प्रोसेसर १५० आणि कार्ड ४५० वॅट घेत असेल तर ६०० वॅट, म्हणजे सहा भाग, म्हणजे दोन ३६०. एकाच ३६० वर भागवलंत तर पाणी खोलीपेक्षा २० अंशांपर्यंत वर चढेल किंवा पंखे जोरात फिरतील. काही बिघडणार नाही, पण ज्या शांततेसाठी एवढा खटाटोप केला ती मिळणार नाही.

जाडी दुप्पट केल्याने क्षमता दुप्पट होत नाही. सावकाश पंख्यांना ३० मिमीचे दोन रेडिएटर ६० मिमीच्या एकापेक्षा बरे. रेडिएटरमधल्या पातळ पत्र्यांची घनताही बघा: इंचाला १०-१६ पत्रे असलेला रेडिएटर कमी वेगावर चांगला, २० च्या वरचा जोरदार पंख्यांसाठी.

लूपमध्ये भागांचा क्रम काय असावा? गरम पाणी थेट दुसऱ्या ब्लॉकमध्ये गेलं तर?

हा प्रश्न फार सतावतो आणि उत्तर आकड्यांतच आहे. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर ४०० वॅटच्या ब्लॉकमधून जाताना ते साधारण १.४ अंशच तापतं. म्हणजे लूपमधलं सगळं पाणी जवळजवळ एकाच तापमानाचं असतं. दोन ब्लॉकांच्या मधे रेडिएटर घालण्यासाठी नळ्यांचे वेटोळे घेऊ नका. सर्वांत कमी नळी लागेल तो क्रम योग्य. प्रवाह मिनिटाला १ लिटरवर घसरला तर हीच वाढ पावणेसहा अंश होते, म्हणून अडखळणाऱ्या प्रवाहाकडे मात्र लक्ष हवं.

सक्तीचे नियम दोन. टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर असावी. प्रोसेसर ब्लॉकची आत-बाहेरची तोंडं लिहिल्याप्रमाणेच जोडावीत, कारण आतली जेट प्लेट (खाचांवर पाणी सोडणारी पट्टी) एकाच दिशेसाठी असते. रेडिएटरला दिशा नसते.

पंप डी५ घेऊ की डीडीसी?

दोन्ही भरवशाचे आहेत. डी५ मोठा, शांत आणि थंड. वेग कमी केला की जवळजवळ ऐकू येत नाही. डीडीसी लहान, त्यामुळे छोट्या कॅबिनेटमध्ये बसतो, पण जास्त तापतो आणि त्याला हवेची झुळूक लागते. जागा असेल तर डी५. त्याची कमाल गती ४८०० आरपीएमच्या आसपास आहे, पण २५००-३००० वर चालवा. त्यावर वाढवून तापमानात फारसं काही मिळत नाही, आवाज मात्र वाढतो.

नरम नळी की कडक?

थंडाव्यात काडीचा फरक नाही. पहिला लूप असेल तर नरमच घ्या. काळी ईपीडीएम रबराची नळी सर्वांत निश्चिंत. पारदर्शक पीव्हीसी नळीतलं प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) काही महिन्यांत पाण्यात उतरतं, नळी दुधाळ होते आणि पांढरा चिकट थर ब्लॉकमध्ये जमतो.

कडक नळीत पीईटीजी वाकवायला सोपी आणि सहसा तडकत नाही, पण उष्णतेने लवकर मऊ पडते. तिच्यातलं पाणी ६० अंशांच्या बरंच खाली राहिलं पाहिजे. पंप बंद पडून पाणी तापलं तर ती फिटिंगमधून निसटू शकते. अ‍ॅक्रिलिक जास्त ताठ आणि उष्णता सोसणारी, पण कापताना तडकते. कोणतीही घेतलीत तरी कापलेल्या टोकाची धार आतून-बाहेरून घासून गोल करा. कडक नळीची गळती बहुतेक वेळा इथेच सुरू होते, कारण धारदार टोक आत सरकताना ओ-रिंगला काप देतं.

लूपमध्ये कोणतं पाणी घालायचं?

बाटलीत तयार मिळणारं पारदर्शक कूलंट. त्यात गंजरोधक आणि जैवरोधक दोन्ही असतात. कॉन्सन्ट्रेट घेतलंत तर डिस्टिल्ड वॉटरमध्येच, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी नको, क्षारांचा थर बसतो. नुसतं डिस्टिल्ड वॉटरही नको, त्यात शेवाळ धरतं. दोन कंपन्यांची कूलंट एकमेकांत मिसळू नका. रसायनं जुळली नाहीत तर साका तयार होतो.

दुधाळ किंवा चमचमणारी रंगीत कूलंट फोटोत सुंदर दिसतात. पण त्यांचा रंग पाण्यात तरंगणाऱ्या कणांमुळे येतो आणि ते कण कालांतराने ब्लॉकच्या खाचांत बसतात. रोजच्या कामाच्या मशीनमध्ये आम्ही ती सुचवत नाही. रंग हवाच असेल तर रंगीत नळी घ्या आणि आत पारदर्शक पाणी ठेवा.

गाडीचं कूलंटही घालू नका. त्यातल्या ग्लायकॉलचं जास्त प्रमाण अ‍ॅक्रिलिकला तडे पाडू शकतं.

पहिल्यांदा लूप कसा भरायचा?

घाई करू नका, एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

नव्या रेडिएटरमध्ये सोल्डरिंगचा फ्लक्स उरलेला असतो. गरम डिस्टिल्ड वॉटर अर्धं भरून, टोपणं लावून, दोन-तीन मिनिटं जोराने हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. कण दिसायचे थांबेपर्यंत हे करा. ही पायरी टाळली की तोच कचरा महिन्याभरात प्रोसेसर ब्लॉकमध्ये सापडतो.

फिटिंग हाताने घट्ट बसेपर्यंतच आवळा. जी १/४ मध्ये पाणी ओ-रिंग अडवते, आटे नाहीत. म्हणून टेफ्लॉन टेप लागत नाही आणि पान्याचा जोर दिला तर अ‍ॅक्रिलिकचा ब्लॉक तडकतो.

लूप जुळला की आधी हवेने तपासा. लीक टेस्टर लावून साधारण ०.५ बार दाब द्या आणि १५ ते ३० मिनिटं काटा बघा. टाकीच्या कंपनीने कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. काटा जागचा हलला नाही तरच पाणी घाला. काटा उतरला तर लूपचे दोन भाग करून वेगवेगळे तपासा, दोषी जोड लवकर सापडतो.

पाणी भरताना वीज फक्त पंपाला द्यायची. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर केबल पॉवर सप्लायपासून काढा आणि २४ पिनांच्या कनेक्टरला जंपर प्लग लावा, म्हणजे पॉवर सप्लाय स्वतंत्र चालू होतो. टाकी भरा, पंप काही सेकंद चालवा, टाकी तळाला जायच्या आत बंद करा, पुन्हा भरा. पंपाच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, कोरडा फिरवला तर तो काही मिनिटांत खराब होतो. पातळी स्थिर झाली की कॅबिनेट पुढे, मागे, बाजूला हळूहळू कलवा. रेडिएटरमधले बुडबुडे टाकीत येतात. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून काही तास, जमल्यास रात्रभर, पंप चालू ठेवा. टिश्यू कोरडे असतील तरच बाकीच्या केबल जोडा. पुढचे काही दिवस टाकीची पातळी थोडी उतरते, ती अडकलेल्या हवेमुळे. तेवढी भर घाला.

पाणी वीज वाहून नेत नाही म्हणतात, मग गळतीची भीती कशाला?

शुद्ध डिस्टिल्ड वॉटर जवळजवळ वाहक नसतं, पण लूपमध्ये धातूंच्या संपर्कात आणि बोर्डावर धुळीच्या संपर्कात आलं की ते तसं राहत नाही. अवाहक म्हणून विकलं जाणारं कूलंटही याला अपवाद नाही.

गळती दिसली तर बटण शोधत बसू नका, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि प्लग काढा. लूप रिकामा करा, भिजलेला भाग बाहेर काढा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन दिवस पंख्याखाली वाळवा. बोर्डाला वीज नसताना पडलेल्या पाण्याने बहुधा नुकसान होत नाही. ते अल्कोहोल अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला किंवा ब्लॉकला लावू नका, त्यावर बारीक तडे पडतात.

देखभाल किती?

एआयओला फक्त धूळ: दर दोन-तीन महिन्यांनी रेडिएटर आणि पंखे स्वच्छ करा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

कस्टम लूपमध्ये पारदर्शक कूलंट वर्षाला बदला, रंगीत सहा महिन्यांनी. पाणी काढल्यावर ते काचेच्या ग्लासात धरून बघा: गढूळ असेल तर नळी किंवा जैविक वाढ, हिरवट असेल तर तांबं गंजतंय. प्रोसेसरचा ब्लॉक उघडून खाचा मऊ टूथब्रशने आणि डिस्टिल्ड वॉटरने साफ करा. उघडण्याआधी फोटो काढा, म्हणजे जेट प्लेट उलटी बसणार नाही. निकेलच्या मुलाम्यावर व्हिनेगर वापरू नका, मुलामा उडतो.

लूपच्या सर्वांत खालच्या जागी ड्रेन व्हॉल्व्ह असेल तर हे काम दोन-तीन तासांत उरकतं. नसेल तर नळी ओढून काढावी लागते आणि पाणी ग्राफिक्स कार्डावर पडतं. व्हॉल्व्ह बांधतानाच घाला.

पंखे कोणत्या तापमानावर चालवायचे?

पाण्याच्या. प्रोसेसरचं तापमान एका क्षणात २० अंश उडी मारतं आणि पंखेही त्याच्याबरोबर वर-खाली होत राहतात, कानाला सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो. एक लिटर पाणी एक अंश तापायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात, म्हणून लूपचं पाणी सावकाश तापतं आणि स्थिर व्हायला वीस-तीस मिनिटं घेतं. सेन्सर मदरबोर्डाच्या दोन पिनांच्या हेडरला जोडा आणि कर्व्ह असा ठेवा: खोलीपेक्षा ५ अंश वरपर्यंत पंखे सर्वांत कमी वेगावर, १५ अंशांपर्यंत हळूहळू वाढत, आणि पाणी स्वतः ४५ अंशांच्या पुढे गेलं की पूर्ण वेग. ५५ वर मशीन बंद होण्याची सूचना लावून ठेवा, कारण पंप आणि नळ्यांची मर्यादा साधारण ६० पासून सुरू होते.

अनेक एआयओंतही पाण्याचा सेन्सर असतो, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो दिसतो. नसेल तर सीपीयू कर्व्हमध्ये फॅन स्टेप-अप टाइम वाढवा, पंख्यांची धावपळ थांबते.

लूपची चाचणी घेतानाही हेच लक्षात ठेवा. पाच मिनिटांचा बेंचमार्क पाणी तापायच्या आत संपतो. खरा आकडा अर्ध्या तासाच्या भारानंतरचा, आणि तो खोलीचं तापमान वजा करूनच मांडायचा.

वॉटर कूलिंगने पाणी इतकं गार होईल का की बोर्डावर दव धरेल?

नाही. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेखाली नेऊ शकत नाही. दवाचा प्रश्न चिलर (पाणी गार करणारं यंत्र) किंवा पेल्टिए (विजेवर गार होणारी पट्टी) वापरल्यावरच येतो.

मशीन एका जागेहून दुसरीकडे न्यायचं असेल तर?

एआयओ असलेलं मशीन तसंच नेता येतं. ब्लॉकचे स्क्रू घट्ट आहेत एवढं बघा आणि जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं ठेवा. नरम नळीचा लूप स्वतः गाडीतून, कॅबिनेट उभं ठेवून नेत असाल तर भरलेला चालतो. कडक नळीचा लूप किंवा कुरिअरने जाणारं कोणतंही कस्टम मशीन मात्र रिकामं करूनच पाठवा. कडाक्याच्या थंडीच्या भागातून जाणार असेल तर नुसतं ड्रेन करून भागत नाही. रेडिएटरमध्ये उरलेलं पाणी गोठून नळी फाडतं, म्हणून दोन्ही तोंडं उघडून हवेने ते पूर्ण बाहेर काढा. पोचल्यावर हवेची चाचणी पुन्हा ३० मिनिटं घ्या, मगच पाणी भरा.